माळवदावरून आकाश : प्रस्तावना

२२ जानेवारी १८९८. परंडा तालुक्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यात, जेऊरच्या माळावर, भर दुपारी अंधारून आले. खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गाच्या बाजूने कोकण ओलांडून घाटावर चढली होती आणि ईशान्येकडे निघाली होती. जेऊर पुणे-सोलापूर रेल्वेवरचे गाव. हवा कोरडी, क्षितिज मोकळे. म्हणून तिथे आधीच तळ पडले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली माणसे घेऊन आले होते. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून विल्यम कॅम्पबेल आले होते आणि त्यांच्याबरोबर चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. पाच इंचांचे भिंग, त्याच्यापासून चाळीस फुटांवर फोटोची काच. त्या काचेवर सूर्याची प्रतिमा सुमारे अकरा सेंटीमीटरची पडते.

त्याच दिवशी, त्याच सावलीत, वऱ्हाडातल्या तळणीला ॲनी मॉन्डर नावाच्या बाई आपला कॅमेरा लावून उभ्या होत्या. त्यांचे भिंग दीड इंचाचे होते, केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयाकडून मिळालेल्या लहानशा अनुदानातून घेतलेले. पण ते आकाशाचा रुंद भाग एकदम पाहू शकत होते. सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेली एक शलाका त्या भिंगाने इतक्या लांबवर टिपली की तोवरच्या कुठल्याही फोटोत तशी आलेली नव्हती. सूर्याच्या काठाजवळचा बारीक तपशील जेऊरच्या चाळीस फुटी कॅमेऱ्याचा, दूरवर पसरलेला फिकट पिसारा तळणीच्या दीड इंची भिंगाचा.

हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिले आहे त्यांच्याजवळ तळणीचे भिंग आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, वाशी, परंडा या आठ तालुक्यांत आणि त्यांच्या आसपास लहान दुर्बीण घेतलेली पुष्कळ माणसे आहेत: शाळेचे विज्ञानशिक्षक, महाविद्यालयातली मुले, रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला शिवारात जाणारे शेतकरी. चार-सहा इंचांची दुर्बीण, एक मोबाइल, फार तर लग्नाचे फोटो काढून जुना झालेला डीएसएलआर. एवढ्यात काय होते, असे त्यांना वाटते. एवढ्यात पुष्कळ होते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे आणि तेच या पुस्तकात मांडायचे आहे.

माझी पहिली दुर्बीण साठ मिलिमीटरची होती. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘६७५ पट’ छापलेले. दुर्बिणीचे तोंड जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीहून जास्त वर्धन कामाचे नसते, म्हणजे साठ मिलिमीटरला एकशेवीस पट ही हद्द, हे मला विकणाऱ्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तिची तिपाई वाऱ्याच्या झुळकेने थरथरायची. तीन महिने मी चंद्र हलताना पाहिला. मग एका रात्री माळवदावर ज्वारीचे अर्धे भरलेले पोते ठेवले, त्यात दुर्बिणीची नळी रुतवली, सर्वांत कमी वर्धनाचे आयपीस लावले आणि मोबाइल त्याला टेकवला. चंद्र थांबला. अष्टमीचा होता. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांची रांग उभी होती आणि ती माझ्या फोटोत आली. त्या रात्रीपासून मी उपकरणाच्या किमतीपेक्षा त्याच्या स्थिरतेकडे बघायला लागलो. नव्या माणसाला मी अजूनही पहिले हेच सांगतो: पैसे थोडे असतील तर ते भिंगावर कमी आणि पायांवर जास्त घाला.

आकाशाच्या फोटोची विद्या फोटोग्राफीच्याच वयाची आहे. १८३९ मध्ये फोटो काढण्याची रीत जगाला कळली आणि दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राची प्रतिमा उमटवली. १८५० मध्ये हार्वर्डला अभिजित ताऱ्याचा फोटो निघाला. १८८० च्या सप्टेंबरात ड्रेपर यांचे चिरंजीव हेन्री यांनी मृगातला तेजोमेघ एक्कावन्न मिनिटे काच उघडी ठेवून टिपला. खरी क्रांती इथे झाली. डोळा प्रकाश साठवत नाही. क्षणभर पाहतो आणि पुसून टाकतो. काच साठवते. एक्कावन्न मिनिटांचा प्रकाश एकावर एक बसला की जे डोळ्याला कधीच दिसणार नाही ते दिसू लागते. आजची सगळी तंत्रे या एका गोष्टीची लेकरे आहेत.

आपल्या भागाचा या इतिहासाशी संबंध जेऊरपुरता नाही. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाची निजामिया वेधशाळा बेगमपेठेत होती. १८८७ मध्ये पॅरिसला ठरले की जगभरच्या वेधशाळांनी आकाश वाटून घ्यावे आणि ताऱ्यांचा फोटोंवरून नकाशा करावा. त्या कामात पुढे हैदराबादच्या वाट्याला आकाशाचे दोन पट्टे आले, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. आठ इंची कूक दुर्बिणीवर कॅमेरा लावून तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे काचा उघडल्या आणि लाखो ताऱ्यांच्या जागा मोजल्या. आमचे पणजोबा ज्या सरकारला सारा भरत होते त्याच्या वेधशाळेत हे काम चालले होते, याची गावात कुणाला खबर नसणार. पण आठ इंच हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आज आठ इंची दुर्बीण हौशी माणसाच्या घरी असू शकते.

हौशी लोकांची चळवळ महाराष्ट्रात जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ ची, या देशातली हौशी खगोलप्रेमींची सर्वांत जुनी संस्था. हॅलेचा धूमकेतू आला त्या सुमारास, १९८५ मध्ये, मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले आणि वांगणीला होणाऱ्या आकाशदर्शनाच्या रात्रींनी कितीतरी मुंबईकरांना पहिल्यांदा आकाशगंगा दाखवली. १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ती संशोधकांसाठी उभी केली, पण दार शाळकरी मुलांसाठीही उघडे ठेवले. तिथल्या कार्यशाळांत सामान्य माणसांनी काच हाताने घासून स्वतःचे आरसे घडवले. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आज ज्या दुर्बिणी आहेत त्यांच्या मागे या ना त्या वाटेने ही पुणे-मुंबईची पुण्याई आहे. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यांचे ऋण या पुस्तकावरही आहे.

तंत्राची कहाणी थोडक्यात सांगतो. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत प्रकाश टिपणारी सीसीडी चिप जन्मली. तिच्या जनकांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. तिने काच आणि फिल्म दोन्ही बाद केल्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हौशी लोकांनी संगणकाचा स्वस्त वेबकॅम दुर्बिणीला लावला आणि ग्रहांचे असे फोटो काढले की जाणकार चकित झाले. युक्ती साधी होती. वातावरण सतत थरथरत असते, पण हजार चित्रे घेतली तर त्यांत दीडदोनशे क्षण निवांत सापडतात. ते निवडायचे आणि एकमेकांवर बसवायचे. रेजिस्टॅक्स, ऑटोस्टॅकर्ट या प्रोग्रॅमनी ही निवड यंत्राकडे सोपवली, तीही फुकट. मोठ्या वेधशाळेचा मान लहान दुर्बिणीला मिळाला तो इथे.

आज या क्षेत्रात अनेक घराणी आहेत. गाण्यातल्या घराण्यांसारखीच त्यांची आपापली शिस्त आहे आणि आपापला अभिमानही.

पहिले घराणे तिपाईवाल्यांचे. दुर्बीण नाही, साधा कॅमेरा, रुंद भिंग, नक्षत्रे आणि आकाशगंगा. त्यांचा एक ठोकताळा आहे: भिंगाच्या नाभीय अंतराने पाचशेला भागायचे, येतील तितके सेकंद तारे ठिपके राहतात, पुढे त्यांच्या रेघा होतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर अठरा मिलिमीटरचे भिंग सत्तावीससारखे वागते, म्हणजे साधारण अठरा सेकंद. ज्यांना रेघाच हव्यात त्यांनी ध्रुवाकडे तोंड करून शेदोनशे फोटो घ्यावेत आणि जोडावेत. गावचे देऊळ किंवा शेतातला आखाडा पुढे असेल तर चित्राला घर मिळते. मोबाइलवाल्यांना या घराण्यात मानाने घ्यायला हवे. आता बऱ्याच मोबाइलमध्ये पाच-दहा सेकंदांपर्यंत उघडे राहण्याची सोय आहे.

दुसरे घराणे चंद्राचे, आणि माझ्या मते प्रत्येकाने याच दारातून आत यावे. आमच्याकडे कोजागरीला सोलापूरच्या रस्त्याने लाखो माणसे चालत तुळजापूरला येतात, डोक्यावर पूर्ण चंद्र असतो. नवी दुर्बीण घेतलेल्याला त्याच रात्री फोटो काढावासा वाटतो आणि हाती पांढरी सपाट थाळी येते. पौर्णिमेला चंद्रावर सूर्य डोक्यावर असतो, सावल्या नसतात, म्हणून डोंगर-विवरे दिसत नाहीत. अष्टमीच्या आगेमागे बसा. सावल्या लांब असतात आणि प्रत्येक विवर उभे राहते. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला एकशेदहाने भागले की चंद्राच्या प्रतिमेचा आकार मिळतो. सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर साधारण बाराशे मिलिमीटर असते, म्हणजे चंद्र अकरा मिलिमीटरचा. डीएसएलआरच्या साध्या सेन्सरवर तो अख्खा मावतो. हाच हिशेब जेऊरच्या चाळीस फुटांना लावून पाहा, वरचे अकरा सेंटीमीटर मिळतील. मोबाइल असेल तर चंद्राच्या काठावर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करायचा, मग उजेड खाली ओढायचा आणि तीन सेकंदांचा टायमर लावायचा. बोटाचा धक्का हा पहिल्या शंभर फोटोंतल्या ऐंशी फोटोंचा शत्रू असतो.

सूर्याबद्दल इथेच सांगून ठेवतो, कारण प्रस्तावना वाचून पुस्तक बाजूला ठेवणारेही असतात. सूर्यावर दुर्बीण रोखायची असेल तर प्रमाणित फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, घट्ट बसवलेलाच हवा. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायची काळी काच येते. ती उष्णतेने तडकते आणि मग डोळा वाचत नाही. तशी काच घरात असेल तर आजच फोडून टाका. एक्स-रेची फिल्म, काजळलेली काच यांतले काहीही चालत नाही.

ग्रहांचे घराणे वेबकॅमच्या युक्तीवर चालते. गुरू दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांहून लांब व्हिडिओ घेतला तर त्याचे पट्टे पुसट होतात. ज्यांच्या डॉब्सोनियनला मोटर नाही त्यांनी खचू नये. ग्रह दृष्टिक्षेत्राच्या एका कडेला ठेवायचा, दुसऱ्या कडेपर्यंत वाहू द्यायचा, व्हिडिओ चालू ठेवायचा, पुन्हा मागे आणायचा. चित्रे मध्यावर आणायचे काम प्रोग्रॅम करतो. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा; आरसा गरम आणि हवा गार असेल तर नळीतच गरम हवा तरंगत राहते आणि दोष आपण आकाशाला देतो.

तेजोमेघ आणि दीर्घिका यांचे घराणे सर्वांत मोहक आणि सर्वांत खर्चिक समजले जाते. इथे आकाशाबरोबर फिरणारे माउंट लागते. बाराशे मिलिमीटरच्या स्थिर दुर्बिणीत तारा एका सेकंदात वीसेक पिक्सेल सरकतो, म्हणून मोटर नसलेल्या डॉब्सोनियनवर तेजोमेघाचा हट्ट धरू नये, असे मी स्पष्ट सांगतो. पण त्याच माणसाजवळ पन्नास किंवा एकशेपस्तीसचे भिंग असेल तर वाट आहे, आणि ती सुताराच्या दुकानातून जाते. दोन फळ्या, एक चांगली बिजागरी, सहा मिलिमीटरचा बोल्ट. स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी सत्तरच्या दशकात हे यंत्र लोकांना दाखवले. बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा. बोल्टचा आटा एका फेऱ्याला एक मिलिमीटर चढतो. तो बिजागरीच्या अक्षापासून २२८.५ मिलिमीटरवर बसवला आणि मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी पृथ्वीच्या वेगानेच उघडत जाते. हाताने फिरवायचे, घड्याळ समोर ठेवून. कळंबच्या बाजारात मिळणाऱ्या सामानातून मी तीन अशी यंत्रे करवून घेतली. पहिल्यात सुताराने माप पाच मिलिमीटर कमी धरले आणि तारे लांबट आले. दुसऱ्यात बिजागरी ढिली निघाली. तिसऱ्यावर काढलेला मृगाचा तेजोमेघ माझ्या भिंतीवर आहे. इतक्या कमी पैशांत आकाशाची गती हातात देणारे दुसरे काही मला माहीत नाही, म्हणून या यंत्राला पुस्तकात सर्वांत जास्त जागा दिली आहे.

या घराण्याचा मूळ मंत्र बेरजेचा. एका फोटोत तेजोमेघ फिकट आणि दाणे फार. पण शंभर फोटो एकमेकांवर बसवले तर चित्र दहा पट स्वच्छ होते, कारण प्रकाश दरवेळी त्याच जागी येतो आणि दाणे दरवेळी वेगळ्या जागी. चारशे केले तर वीस पट. त्याच रात्री टोपण लावून काही काळे फोटो घ्यायचे, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे डाग कळतात. संध्याकाळच्या आभाळावर तोंडाला पांढरे मलमल ताणून काही उजळ फोटो घ्यायचे, म्हणजे भिंगावरची धूळ आणि कोपऱ्यांचा अंधार वजा करता येतो. डीपस्कायस्टॅकर, सिरिल, गिंप हे प्रोग्रॅम फुकट आहेत.

अलीकडे स्मार्ट दुर्बिणींचे घराणे आले आहे. मोबाइलवर नाव निवडले की पन्नास मिलिमीटरचे यंत्र स्वतः वळते, स्वतः फोकस करते, स्वतः थर लावते. जुन्या लोकांना ते खटकते. मला खटकत नाही. शाळेच्या पटांगणात साठ मुलांना एका तासात देवयानी दीर्घिका दाखवायची असेल तर त्याच्यासारखे साधन नाही. मात्र ते यंत्र ज्याने वापरले त्याला आकाश कुठे काय आहे हे कळलेले नसते, आणि ते कळल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही.

परदेशातली पुस्तके चांगली आहेत. मी त्यांच्यावरच शिकलो. पण ती चाळीस-पन्नास अक्षांशांवरून लिहिलेली आहेत आणि आपण अठरावर आहोत. यामुळे दोन गोष्टी बदलतात. एक अडचणीची. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून फक्त अठरा अंश वर असतो, हात लांब करून ताणलेल्या एका वितीहूनही थोडा खाली. गावात तो लिंबाच्या झाडामागे, पाण्याच्या टाकीमागे किंवा धुरकटात हरवतो. माउंट रोखायचे तर उत्तर मोकळी असलेली जागाच शोधावी लागते, आणि ध्रुव दिसत नसेल तेव्हा काय करावे यावर त्या पुस्तकांत फार थोडे असते.

दुसरी गोष्ट भाग्याची. आकाशगंगेचा गाभा धनु राशीत आहे. लंडनहून तो क्षितिजावर जेमतेम नऊ-दहा अंश चढतो, तुळजापूरहून त्रेचाळीस. वृश्चिकाचा सगळा आकडा, ज्येष्ठेपासून मूळ नक्षत्राच्या टोकापर्यंत, आपल्याला स्वच्छ दिसतो. नरतुरंगातला ओमेगा हा आकाशातला सर्वांत भव्य तारकागुच्छ मे महिन्यात दक्षिणेला चोवीस अंशांवर येतो. त्रिशंकूही तेव्हा दक्षिण क्षितिजावर उभा असतो. अगस्ती आपल्याकडे घरचा तारा आहे. लंडन-बर्लिनच्या हौशी माणसाला यासाठी विमानाचे तिकीट काढावे लागते. आपल्याला खाट अंगणात टाकावी लागते.

ऋतूंचेही तसेच. जून ते सप्टेंबर ढगांचे, पण हा जिल्हा पर्जन्यछायेतला. पावसात खंड पडतो तेव्हा धूळ धुतली गेलेली असते आणि अशा रात्रींसारखी पारदर्शक रात्र वर्षात दुसरी नसते. ज्या खंडाने शेतकऱ्याचे काळीज जळते त्याच रात्री आकाश असे उघडते. तेव्हा कॅमेरा काढताना माझे मन कधीच पूर्ण मोकळे नसते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हंगाम खरा, मात्र दहिवर पडते. काळ्या चार्टपेपरची वीतभर लांब नळी दुर्बिणीच्या तोंडाला गुंडाळली तर दोन तास जास्त मिळतात. ओले झालेले भिंग शर्टाच्या टोकाने पुसू नये. याच काळात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम असतो, धूर आणि पाचट जाळल्याची काजळी वाऱ्याबरोबर येते. म्हणून कारखाना वाऱ्याच्या कुठल्या अंगाला आहे हे पाहून जागा निवडावी. एप्रिल-मेला धुरळा असतो, तरी मध्यरात्रीनंतर तो बसतो.

जागेविषयी एक कळकळीची सूचना. बालाघाटाचे डोंगर, येडशीचे रामलिंग अभयारण्य, नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले ही नावे ऐकून तरुण मुले रात्री तिकडे निघतात. अभयारण्यात रात्री जायला बंदी आहे, आणि २०२४ च्या डिसेंबरात येडशीच्या जंगलात वाघ येऊन राहिला होता हे विसरू नये. किल्लेही संध्याकाळनंतर बंद असतात. स्वतःचे किंवा ओळखीच्या माणसाचे शिवार हीच उत्तम वेधशाळा. पायात बूट, हातात लाल कागद लावलेली बॅटरी, सोबत एक माणूस, आणि घरी सांगून जाणे.

हे सगळे आत्ताच का लिहावे, याचे उत्तर दर महिन्याला गावागावांत उभे राहते आहे. चौकात हायमास्ट, देवळासमोर हायमास्ट, वस्तीच्या तोंडाशी हायमास्ट. उजेड हवाच. रात्री पाण्याला जाणाऱ्या बाईला, अभ्यास करून घरी येणाऱ्या मुलीला तो हवा. पण या दिव्यांचा बराचसा उजेड आडवा आणि वर जातो, कुणाच्याही पायाखाली पडत नाही. झाकण असलेला, खाली तोंड केलेला, पिवळसर रंगाचा दिवा कमी विजेत जास्त रस्ता दाखवतो आणि आकाशही ठेवतो. माझ्या माळवदावरून पंधरा वर्षांपूर्वी दक्षिणेला आकाशगंगा क्षितिजापर्यंत दिसायची. आता सोलापूरच्या बाजूला उजेडाचा घुमट आहे, महामार्गांचे दिवे आहेत, पठारावर पवनचक्क्यांचे लाल ठिपके आहेत, आणि २०१९ पासून उपग्रहांच्या माळाही फोटोतून आरपार जातात. उपग्रहाची रेघ बेरजेत पुसता येते. घुमट पुसता येत नाही.

महाराष्ट्रातच पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे त्यासाठी गावांतले दिवे बदलले गेले, म्हणजे हे करता येते. मराठवाड्याला आपण कायम काय नाही याच्या हिशेबात मोजतो: पाऊस नाही, उद्योग नाही. अंधार आहे आणि तो मोलाचा आहे, हे त्या हिशेबात कधी धरलेच गेले नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावात दिव्याला झाकण हवे एवढे एक वाक्य घालायला पैसे लागत नाहीत. या पुस्तकातला एखादा फोटो सरपंचांच्या हाती गेला आणि असे एक वाक्य कुठे लिहिले गेले, तर माझे श्रम कारणी लागले असे मी समजेन.

फोटोच्या खरेपणाबद्दलही बोलायला हवे. काही मोबाइल चंद्र ओळखतात आणि त्यावर आपल्याजवळचा तपशील चढवतात. काही जण एका गावचे आकाश दुसऱ्या गावच्या देवळावर चिकटवतात. रंग उजळणे, काळोख गडद करणे यात गैर नाही. डोळ्याला न दिसणारे दिसावे म्हणूनच ही विद्या आहे. पण जे तुमच्या भिंगातून आलेच नाही ते तुमच्या फोटोत असू नये. आणि प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ, गाव, भिंग, सेकंद आणि किती चित्रांची बेरीज हे लिहावे. अशी नोंद असलेला वाकडातिकडा फोटो उद्या कुणाला रूपविकारी ताऱ्याच्या किंवा उल्केच्या अभ्यासात उपयोगी पडू शकतो. नोंद नसलेला सुंदर फोटो भिंतीवरच राहतो.

पुस्तकाची रचना मी उपकरणांप्रमाणे केलेली नाही. तुमच्या हातात आज जे आहे तिथून ती सुरू होते आणि एकेका हंगामाबरोबर पुढे जाते. सगळी मापे अठरा अक्षांशाची, सगळ्या वेळा आपल्या घड्याळाच्या, सगळी उदाहरणे या जिल्ह्याच्या आकाशातली. महागड्या थंड कॅमेऱ्यांवर आणि खास फिल्टरांवर इथे काही मिळणार नाही. ते मी पुरेसे वापरलेले नाहीत आणि न वापरलेल्या वस्तूबद्दल सल्ला देणे मला पटत नाही. जिथे मी चुकलो ते फोटोही घेतले आहेत, कारण लांबट झालेला तारा कशामुळे लांबट झाला हे ओळखता आले की निम्मी विद्या आली.

वाचकांना एक तारीख देतो. ३१ डिसेंबर २०२८, रविवार. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे. रात्री पावणेदहा ते अकराच्या दरम्यान चंद्र पूर्ण सावलीत असेल, आणि धाराशिवच्या आकाशात तो तेव्हा सुमारे साठ अंश उंचीवर असेल. पौर्णिमेच्या चंद्राला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. खग्रासातल्या तांबड्या चंद्राला एक-दोन सेकंद लागतात, म्हणजे पाय स्थिर हवेत आणि फळ्यांचे यंत्र तयार हवे. बोल्टचे माप २२८.५ मिलिमीटर. सुताराकडे जाताना पट्टी आपली न्यावी.